विजेच्या शेगडीचा ताप

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना वाटेल कीं, एका निवृत्त शाळामास्तराला स्वयंपाकघरांतील शेगडीवर बोलण्याचा अधिकार कोणी दिला? प्रश्न रास्त आहे. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. माझें आयुष्य येथें कोल्हापुरांत मुलांना गणिताचे आणि शास्त्राचे प्राथमिक धडे देण्यांत गेलें. मी विद्युत्‌शास्त्राचा पंडित नव्हें आणि पाकशास्त्राचा तर मुळींच नव्हें. परंतु दुसऱ्याला शिकविलेला धडा स्वतःच्या घरांत न पाळल्याचा अनुभव मजपाशीं पुरेपूर आहे. आणि त्या अनुभवाच्या जोरावरच आज मी आपल्याशीं चार गोष्टी बोलणार आहें.

आमच्या पिढीनें स्वयंपाकघरांत चार राज्यें पाहिलीं. लहानपणीं चुलीचें राज्य होतें. मग रॉकेलचा स्टोव्ह आला, त्यानंतर गॅस आला, आणि आतां विजेची शेगडी ओट्यावर येऊन बसली आहे. ह्या प्रत्येकीची सावध करण्याची भाषा निराळी. चूल धूर करून सांगे. स्टोव्ह फुरफुरून सांगे. गॅसला तर स्वतःचा वास नसतो. तो सुटला तर कळावा म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें. विजेची शेगडी मात्र ना धूर करी, ना ज्वाळा दाखवी. म्हणून ती निरुपद्रवी, अशी आपली समजूत होते. वास्तविक तीहि सूचना देते. फक्त ती भाषा आपणांस अजून अवगत झालेली नाहीं. तीच आज आपण शिकूं.

आमच्या घरांत घडलेली हकीकत आधीं सांगतों. आषाढाचे दिवस होते. सकाळची वेळ. आमच्या मंडळींनीं विजेच्या शेगडीवर दूध तापत ठेविलें होतें. ही शेगडी आणली तेव्हां तिची जाड पिन ओट्यावरच्या लहान सॉकेटांत बसेना. मीं बाजारांतून एक जोडपिन आणली, मोठी पिन तींत खोंचली आणि ती जोडपिन लहान सॉकेटांत बसविली. काम झालें, दोनशे रुपये वांचले. पुढें दोन-तीन महिने मंडळी मला सांगत होत्या, "अहो, ती पिन हाताला चटका देते. कोणाला तरी दाखवा." आणि मी उत्तर देत होतों, "अगं, विजेची वस्तु आहे, थोडी तापायचीच." श्रोतेहो, हें वाक्य ध्यानांत ठेवा. आजच्या सगळ्या भाषणाचें खलनायकपण ह्या एका वाक्याकडे आहे.

त्या दिवशीं मी बाहेरच्या खोलींत वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. मंडळींनीं आंतून विचारलें, "शेजारीं कोणी मासळी तळतंय का हो?" मलाहि तसा वास आला. आमच्या शेजारीं मासळी शिजत नाहीं. मी आंत गेलों तों बोर्डाच्या मागून निळसर धूर निघत होता. मीं काय केलें असेल? मी शेगडीकडे धांवलों आणि तिचीं बटणें दाबूं लागलों! शेगडी बिचारी शांत होती. तिचा पंखा फिरत होता, दूध अजून वर आलें नव्हतें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं ही म्हण मीं वर्गांत शेंकडों वेळां समजावून दिली असेल. त्या सकाळीं ती मीं स्वतः करून दाखविली.

इतक्यांत आमची नात, चौथींतली मुलगी, पाण्यानें भरलेला तांब्या घेऊन आली. तिनें तो बोर्डावर फेंकण्यासाठीं उचललाहि होता. मंडळींनीं झडप घालून तिचें मनगट धरलें, तिला मागें ओढली, आणि तशाच त्या जिन्याखालच्या मुख्य बटणाकडे गेल्या व त्यांनीं सबंध घराची वीज बंद केली. धूर हळूहळू शमला. पोर रडूं लागली. म्हणाली, "आजोबा, आग लागली कीं पाणी टाकायचं, असं दिवाळींत तुम्हींच सांगितलं होतं!"

खरें होतें तें. फटाक्यांजवळ पाण्याची बादली ठेव, असें मींच तिला शिकविलें होतें. आग आगीसारखी नसते, हें शिकवावयाचें मात्र राहून गेलें होतें. अर्धा धडा पूर्ण धड्यापेक्षां अधिक घातक असतो, हें मला साठी उलटल्यावर कळलें.

आतां थोडें गणित करूं. घाबरूं नका, तें चौथींतल्या मुलालाहि जमेल. आपल्या घरीं वीज येते ती सुमारें २३० व्होल्ट दाबाची. शेगडीवर २००० वॅट असें लिहिलेलें असतें. २००० ला २३० नीं भागिलें कीं ८.७ येतात. म्हणजे ही शेगडी पूर्ण जोरावर असतांना तिच्या वायरींतून ८.७ अँपिअर प्रवाह वाहतो. आपल्या घरांत सॉकेटें दोन मापांचीं असतात, ६ अँपिअरचीं आणि १६ अँपिअरचीं. लहान सॉकेटाची शक्ति ६ गुणिले २३०, म्हणजे १३८० वॅट. मोठ्याची १६ गुणिले २३०, म्हणजे ३६८० वॅट. लहान सॉकेटावर २००० वॅटची शेगडी लावणें म्हणजे सहा माणसांच्या होडींत नऊ माणसें बसविणें होय. होडी लगेच बुडत नाहीं, म्हणूनच आपण फसतों.

पण खरी मेख पुढेंच आहे. १८४१ सालीं जूल नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें असा नियम मांडला कीं, वायरींत निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या आणि वायरीच्या रोधाच्या प्रमाणांत असते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. आतां समजा, पिन सॉकेटांत सैल बसली आहे आणि त्या सैल सांध्याचा रोध अवघा अर्धा ओहम आहे. ८.७ चा वर्ग सुमारें ७६. त्याचें अर्धे ३८. म्हणजे त्या एवढ्याशा सांध्यांत ३८ वॅट उष्णता सतत निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ज्या हत्यारानें शिशाचा डाग देतो, तें २५ ते ४० वॅटांचें असतें. तेव्हां सैल पिनेवर शेगडी चालविणें म्हणजे भिंतींतल्या बोर्डांत असें एक तापलेलें हत्यार खुपसून ठेवणें होय. आंतील पितळी पाती तापते, तिची स्प्रिंग ढिली पडते, सांधा अधिक सैल होतो, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. व्याजावर व्याज चढावें तसा हा प्रकार चालतो. आणि त्या फिटिंगाचें प्लॅस्टिक करपूं लागलें म्हणजे कित्येकदां मासळीसारखा वास येतो. मंडळींना आला तो हाच.

येथें कोणी म्हणेल, "आमच्याकडे आपोआप पडणारें बटण आहे, तें एमसीबी कीं काय म्हणतात तें. धोका झाला कीं तें पडेलच." नाहीं, श्रोतेहो, सैल सांध्याच्या बाबतींत तें पडेलच असें नाहीं. एमसीबी पाहते प्रवाह किती वाहतो तें. सैल पिनेंतून वाहणारा प्रवाह ८.७ अँपिअरच असतो, किंबहुना किंचित् कमीच. आणि १६ अँपिअरची एमसीबी तेवढ्यानें हालणार नाहीं. दुसरें एक बटण असतें, त्याला आरसीसीबी म्हणतात. वीज वाट चुकून जमिनीकडे झिरपूं लागली, आणि हें झिरपणें ३० मिलिअँपिअरपर्यंत गेलें, कीं तें क्षणार्धांत वीज तोडतें. माणसाचा जीव वांचविणारें तें बटण आहे, प्रत्येक घरांत असावें. परंतु सैल सांधा तापतो तें त्यालाहि कळत नाहीं. तेथें पहारा करावयाचा तो आपल्याच नाकानें आणि हातानें.

आतां शेगडीकडे वळूं. बाजारांत विजेच्या शेगड्या मुख्यतः तीन प्रकारच्या मिळतात, आणि तिन्हींचे स्वभाव निराळे आहेत.

पहिली साधी तारेची शेगडी. निकेल व क्रोमिअम ह्या धातूंच्या मिश्रणाची तार तापून लाल होते आणि भांड्याला उष्णता देते. हिचा मोठा दोष असा कीं, वीज गेली तर ती निवते आणि वीज परत आली कीं कोणालाहि न विचारतां पुन्हां तापूं लागते. वीज गेली म्हणून बटण तसेंच सोडून घरची मंडळी देवळांत गेली, आणि मागें रिकाम्या घरांत शेगडी तापत राहिली, असें होऊं शकतें. म्हणून वीज गेल्याबरोबर पहिलें काम बटण बंद करण्याचें.

दुसरी इन्फ्रारेड शेगडी. हींत कांचेखालीं तार तापते आणि कांच तापून लाल दिसते. तिच्यावर कोणतेंहि भांडें चालतें. परंतु बंद केल्यावरहि तिची कांच बराच वेळ चटका देते. लहान मूल घरांत असेल तर ही गोष्ट विसरूं नये.

तिसरी इंडक्शन शेगडी, आणि आज घरोघर दिसते ती बहुधा हीच. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या आधिपत्याखालील ईईएसएल ह्या संस्थेनें २०२३ सालीं अशा २० लाख शेगड्यांचा कार्यक्रम जाहीर केला होता, त्यावरून तिच्या प्रसाराची कल्पना येईल. हिचें मूळ फॅरडेनें १८३१ सालीं लावलेल्या शोधांत आहे. कांचेखालीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून दर सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळां दिशा बदलणारा प्रवाह सोडला कीं वर बदलतें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें, आणि लोखंडी बुडाच्या भांड्यांत त्यामुळें भोंवऱ्यासारखे प्रवाह फिरूं लागतात. भांडें स्वतःच तापतें. कांच तापते ती भांड्यामुळें. आपल्या वाडवडिलांचीं तांब्यापितळेचीं पातेलीं हिच्यावर तापत नाहींत, त्याचें कारण हेंच. भांडें चालेल कीं नाहीं हें पाहावयाचें तर बुडाला लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर चालेल.

ह्या शेगडीच्या पोटांत नाजूक विद्युत्‌यंत्रणा असते आणि ती निववण्यासाठीं एक लहानसा पंखा असतो. तो खालच्या जाळींतून गार हवा ओढतो आणि मागच्या किंवा बाजूच्या जाळींतून गरम हवा बाहेर टाकतो. हा पंखा म्हणजे शेगडीचा श्वास. तो कोंडला कीं शेगडीला ताप आलाच. आणि आपण तो कोणकोणत्या रीतींनीं कोंडतों, पाहा. ओटा खराब होऊं नये म्हणून खालीं वर्तमानपत्र किंवा मेणकापड पसरतों. तें पंख्याच्या ओढीनें उचलून जाळीला चिकटतें. जागा वांचविण्यासाठीं शेगडी भिंतीला टेकवितों. फोडणीचा तेलकट धूर जाळीवर बसतो, त्यावर धूळ बसते आणि तिचा नमदा होतो. शिवाय ऊब पाहून झुरळें आंत संसार थाटतात आणि यंत्रणा बिघडवितात. म्हणून शेगडीखालीं उघडा, सपाट, कोरडा ओटा असावा. भिंतीपासून निदान एक हाताच्या पंजाएवढें अंतर असावें. आणि महिन्यांतून एकदां, पिन काढून व शेगडी पूर्ण निवल्यावर, कोरड्या ब्रशानें जाळी झाडावी.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागांतल्या भगिनींसाठीं. आपल्याकडे रोज भाकरी होते. भाकरी थापतां थापतां तवा रिकामा तापत राहतो. गॅसवर हें खपून जाई. इंडक्शनवर मात्र पातळ लोखंडी तवा पूर्ण जोरावर ठेविला तर अगदीं थोडक्या वेळांत कित्येक शें अंश तापतो. उष्णता मोजणारा संवेदक असतो कांचेखालीं मध्यभागीं. तव्याचें बूड वांकडें असेल तर त्याला खरा ताप कळतहि नाहीं. तेव्हां तवा जाड व सपाट बुडाचा असावा, आंच मध्यम ठेवावी, आणि पहिली भाकरी थापून झाल्यावरच शेगडी सुरू करावी. तेलाच्या कढईचें तर विचारूंच नका. शुद्ध केलेलें शेंगदाण्याचें तेल सुमारें २३० अंशांवर धूर सोडूं लागतें आणि साधारण ३५० अंशांच्या पुढें तें आपलें आपण पेट घेऊं शकतें. धूर दिसला म्हणजे तेल हांक मारीत आहे असें समजावें.

आतां प्रत्यक्ष प्रसंगीं काय करावें हें सांगतों. दोन प्रसंग अगदीं निराळे आहेत, आणि त्यांचे उपायहि जवळजवळ उलट आहेत. ह्यांची गल्लत होऊं देऊं नका.

पहिला प्रसंग साध्या तापाचा. शेगडी ट्यूं ट्यूं करते, पाटीवर कांहीं अक्षर किंवा आंकडा दाखविते आणि आपोआप बंद पडते. धूर नाहीं, करपट वास नाहीं, पिन गार आहे. येथें शेगडीचें स्वतःचें बटण बंद करावें, भांडें फडक्यानें धरून उतरावें, आणि भिंतीवरचें बटण मात्र लगेच बंद करूं नये. कारण पंखा फिरत असेल तर तो आंतील ताप बाहेर टाकीत असतो. पांच-दहा मिनिटांनीं पंखा थांबला कीं मग भिंतीवरचें बटण बंद करावें. तापलेल्या कांचेवर गार पाणी किंवा ओलें फडकें टाकूं नये, कांच तडकते. आणि एकदां तडकलेली कांच असलेली शेगडी पुन्हां वापरूं नये, कारण त्या भेगेंतून उतूं गेलेलें दूध थेट विजेपर्यंत पोंचतें.

दुसरा प्रसंग आगीच्या प्रारंभाचा. धूर, करपट किंवा मासळीसारखा वास, बोर्डांत तडतड, पिन हात लावूं देत नाहीं इतकी गरम, बोर्ड पिवळा-काळा पडलेला. ह्यांपैकीं एक जरी लक्षण दिसलें तरी पंख्याची पर्वा करावयाची नाहीं. वीज तोडावयाची, आणि तीहि दुरून. बोर्ड स्वच्छ असेल तर कोरड्या हातानें भिंतीवरचें बटण बंद करा. बोर्डांतूनच धूर येत असेल तर त्याला हात न लावतां सरळ मुख्य बटणाकडे किंवा एमसीबीकडे जा. पिन ओढूं नका. वितळलेलें प्लॅस्टिक निघून उघडी धातु हाताला लागते. पाणी टाकूं नका. शेजारीं गॅसची शेगडी असेल, आणि बहुतेक ओट्यांवर ती असतेच, तर वाट मोकळी असल्यास सिलिंडरचा रेग्युलेटरहि बंद करा.

कढईंतील तेलानें पेट घेतला असेल तर तेथेंहि पाणी नको. पाण्याची वाफ झाली कीं तिचें आकारमान सुमारें सतराशें पट होतें, आणि ती वाफ पेटतें तेल सबंध स्वयंपाकघरभर उडविते. वीज तोडा आणि कढईवर मोठें झांकण किंवा ताट आपल्या बाजूनें पुढें सरकवीत ठेवा. हवा तुटली कीं ज्वाळा मरते. मग मोह आवरा. निदान अर्धा तास झांकण उचलूं नका, आणि कढई उचलून बाहेर नेण्याचें धाडस तर कदापि करूं नका. घरीं कोरड्या पावडरीचें अग्निशामक नळकांडें असेल तर वीज तोडून तें बोर्डाच्या आगीवर वापरावें. ज्वाळा आपल्या आटोक्याबाहेर दिसल्या कीं सर्वांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर खबर द्या. स्वयंपाकघर पुन्हां बांधतां येतें.

कोणाला विजेचा धक्का बसला असेल तर त्याला धरूं नका. आधीं वीज तोडा. तें शक्य नसेल तर कोरड्या लांकडावर उभें राहून कोरड्या लांकडी काठीनें त्याला दूर सारा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. भाजलें असेल तर सूज येण्यापूर्वीं अंगठी व बांगड्या काढाव्या आणि भाजलेला भाग वीस मिनिटें वाहत्या साध्या पाण्याखालीं धरावा. बर्फ नको, तूप नको, शाई नको, दांत घासण्याची पेस्टहि नको. विजेनें झालेली जखम वरून लहान दिसते, पण आंत खोल असूं शकते. म्हणून ती डॉक्टरांना दाखवावीच.

आतां कोल्हापूरकरांसाठीं दोन शब्द अधिक. आपल्या जुन्या पेठांतून अजून कित्येक वाडे असे आहेत कीं, ज्यांतील वायरिंग दोन दिवे आणि एक पंखा एवढ्यासाठींच घातलें गेलें. त्याच बारीक वायरीवर आपण फ्रीज चढविला, मिक्सर चढविला, आणि आतां शेगडी चढवितों. शेगडीसाठीं थेट मुख्य फलकापासून स्वतंत्र तांब्याची वायर, सामान्यतः २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटर जाडीची, १६ अँपिअरचें सॉकेट, आणि उत्तम अर्थिंग असावें. जोडपिन नको, लांबलेली वायर नको, एकाच बोर्डावर शेगडी आणि गीझर नको. वायरिंगचें काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावें. नियमहि तसाच आहे.

पंचगंगेच्या पुराची आठवण तर आपणां सर्वांना आहेच. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें शहराच्या सखल भागांत घराघरांतून पाणी शिरलें. पाणी ओसरलें, भिंती वाळल्या, रंगहि दिला गेला. परंतु जीं सॉकेटें पाण्याखालीं होतीं, त्यांच्या पितळी पात्यांवर गाळ आणि गंज राहून जातो. गंज म्हणजे रोध, आणि रोध म्हणजे ताप. वरून नवें झांकण बसविलेलें तें सॉकेट शेगडीसाठीं कधींहि वापरूं नये. तें आंतूनच बदललें पाहिजे.

आणि आग म्हणजे काय, हें या शहरानें डोळ्यांनीं पाहिलें आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आपलें केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. राजर्षि शाहू महाराजांनीं उभारलेली, १९१५ सालापासून उभी असलेली ती वास्तु; आणि दुसऱ्याच दिवशीं केशवरावांची जयंती होती. त्या आगीच्या कारणांची चर्चा हा माझा विषय नव्हे. परंतु शंभराहून अधिक वर्षें उभें राहिलेलें वैभव नष्ट व्हावयाला एक रात्र पुरते, हें त्या रात्रीं रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळून चुकलें. मग आपल्या घराची कथा ती काय?

आमच्या घरचें पुढें काय झालें, तें सांगून पुरें करतों. दुसऱ्याच दिवशीं परवानाधारक कारागीर बोलावला. त्यानें बोर्ड उघडला तेव्हां आंतील लांकडी फळी कोळसा झालेली होती. हाताएवढा काळा डाग भिंतीवर होता. तो म्हणाला, "मास्तर, रात्रीं झोपेंत झालं असतं तर?" मीं उत्तर दिलें नाहीं. मंडळींकडे पाहण्याचें धैर्य मला झालें नाहीं. दोन-तीन महिने जी बाई पिन तापते म्हणून सांगत होती, तिला मीं शास्त्र शिकविलें होतें. आणि शास्त्र तिच्याच बोटांत होतें. घरांत जिचा हात दिवसांतून दहा वेळां त्या बोर्डाला लागतो, तिचें म्हणणें घरांतल्या शिकलेल्या माणसानें आधीं ऐकावें. ही माझी क्षमायाचना समजा. त्या दिवशीं ती मला घरांत नीट मागतां आली नाहीं.

नातीला मीं मग पुरा धडा दिला. आग पाहिली कीं आधीं विचारावयाचें, ही आग कशाची? लांकडाची, कागदाची असेल तर पाणी. विजेची असेल तर मुख्य बटण. तेलाची असेल तर झांकण. आणि लहान मुलानें ह्यांपैकीं कांहींहि न करतां प्रथम मोठ्यांना हांक मारावयाची. तिनें हें आपल्या वहींत लिहून घेतलें आहे. आतां दर शनिवारीं शेगडी अर्धा तास चालली कीं मी भिंतीवरचें बटण बंद करतों आणि हाताची मागली बाजू पिनेला लावून पाहतों. पिन किंचित् कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर शेगडी बंद, आणि कारागीर येईपर्यंत बंदच. नात शेजारीं उभी राहून विचारते, "आजोबा, गार आहे ना?" तिच्या प्रश्नाला "थोडी तापायचीच" असें उत्तर मी पुन्हां कधीं देणार नाहीं.

श्रोतेहो, आज स्वयंपाक आटोपला कीं आपणहि, बटण बंद करून, आपल्या घरची पिन एकदां पाहावी आणि मुख्य बटण कोठें आहे तें घरांतल्या सर्वांना दाखवून ठेवावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.